ओढण्याची परीक्षा

धुळवडीच्या सकाळी जेसल पार्कमधल्या एका सोसायटीच्या आवारात पोरं बादलीभोवती पिचकाऱ्या भरत असतात आणि वरच्या गॅलरीत चहा घेणारा एक मोल्ड डिझायनर त्यांचे हात बघत असतो. घाईने दट्ट्या ओढणाऱ्याच्या पिचकारीत निम्मी हवाच येते. त्याला ते लगेच दिसतं, कारण सिरिंजचे मोल्ड करण्यात त्याची उमर गेली. ‘इंजेक्शन मोल्डिंगने इंजेक्शन बनवतो’ या त्याच्या विनोदाला घरात आता कुणी हसत नाही.

टोचलेलं लक्षात राहतं, म्हणून सिरिंजही लोक दाबून बघतात. तो ओढून बघतो. दाबताना अंगठ्याचा सगळा जोर कामी येतो. ओढताना दट्ट्या फक्त जागा करून देतो आणि औषधाला आत लोटते ती बाहेरची हवा. तिचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. कितीही दम लावा, त्यापलीकडे काही मिळत नाही. सक्शन पंपाला १० मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढता येत नाही, तेही याचमुळे. त्यात सुईचं भोक निम्म्या व्यासाचं केलं, तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून सिस्टर औषध १८ नंबरच्या सुईने ओढून घेते आणि टोचायला बारीक सुई लावते. (नंबर वाढेल तशी सुई बारीक. हा उलटा हिशेब कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे.)

खरी गोम नळीत आहे. पॉलीप्रॉपिलीनची नळी मोल्डमधून सुटायची तर आतल्या कोअरला किंचित उतार, म्हणजे ड्राफ्ट, द्यावा लागतो. त्यामुळे नळी मागच्या, उघड्या टोकाला केसभर रुंद होते. आणि भरताना दट्ट्या जातो नेमका तिकडेच! तिथे रबर सैल पडलं की हवा मागून शिरते आणि औषधात बुडबुडे येतात. ड्राफ्ट कमी करावा, तर नळी कोअरला धरून बसते; सोडवताना आत ओरखडे उठतात.

उमेदीच्या काळात त्याने यावर सोपा उपाय काढला होता: रबर थोडं जाड घ्यायचं. गळती थांबली. पण महिनाभर पडून राहिलेल्या सिरिंजचा दट्ट्या आधी हलेना, मग झटक्यात सुटून रेघेच्या पुढे जाई. जाड रबराने भिंतीवरचं सिलिकॉन तेल दाबून बाजूला सारलं होतं. तेव्हापासून तो जाडीपेक्षा कोअरच्या पॉलिशवर आणि रबराच्या दोन कडांवर वेळ घालवतो. आयएसओ ७८८६ या मानकातही ओढताना मागून हवा येते का, याची वेगळी चाचणी आहे. ती त्याला पुरत नाही. पहिली ओढ तो स्वतःच्या बोटांनी बघतो.

नोजलमध्ये अडकून राहणारा थेंबही छोटा नव्हे. २०२१ मध्ये फायझरच्या कोविड लशीच्या कुपीतून पाचाऐवजी सहा डोस काढता आले, ते हा थेंब कमी ठेवणाऱ्या सिरिंजमुळे.

शेजारच्या काकू घरीच इन्सुलिन घेतात. जितकं औषध काढायचं तितकी हवा आधी कुपीत सोडायची, म्हणजे आत पोकळी होत नाही आणि दट्ट्या हलका येतो, हे त्याने त्यांना दाखवलं. मात्र भरण्याआधी टोपण बघायला लावलं. ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी. कुपीच्या टोपणाच्या रंगावर न जाता कुपीवर छापलेला आकडा वाचा, असंही बजावलं. ४० युनिटचं इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त १६ युनिट.