दुबार

नोकरीची चौदा वर्षे मी बारनिशीच्या टेबलावर काढली. बारनिशी म्हणजे कचेरीचा उंबरठा. आलेला कागद तिथे थबकतो, तारखेचा शिक्का अंगावर घेतो, आवक नोंदवहीत आपला क्रमांक लावून घेतो आणि मगच आत जातो. हे काम निर्बुद्ध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी गोंदिया जिल्ह्यात चार दिवस ते करून पाहावे. जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. पण पुढे कितीतरी दिवस एकच अर्ज एकदा भंडाऱ्याहून फिरून आणि एकदा थेट, असा दोनदा दारात उभा राही. त्यात आमच्याकडे अर्जुनी दोन, एक मोरगावची आणि एक सडकेवरची. आणि गोरेगाव तर मुंबईकराला आपलेच वाटते!

शिवाय धानाचे चुकारे अडलेला शेतकरी एका अर्जाच्या चार प्रती काढतो आणि चार साहेबांना धाडतो. चारही फिरून एकाच टेबलावर येतात. नजर चुकली तर एका माणसाला दोन उत्तरे जातात, कधी दोनदा पैसेही. मी मात्र अशा प्रती वासावरून ओळखत असे. लाल शाईने 'दुबार' लिहिले की माझा दिवस सार्थकी लागे.

एका वर्षी पुराच्या नुकसानभरपाईचे अर्ज आले. त्यातल्या दोघांवर नाव एक, बापाचे नाव एक, गावही एक. दुसऱ्यावर मी झोकात 'दुबार' लिहिले. उन्हाळ्यात एक म्हातारा समोर उभा राहिला. "तुमचे तर कधीच निकाली निघाले," मी म्हणालो. तो म्हणाला, "तो वरच्या टोलीतला, बाबू. मी खालच्या. गट नंबर त पाहाचा होता."

गट नंबर अर्जावर होता. मार्च संपून निधी परत गेला होता. म्हातारा भांडला नाही. घोटभर पाणी मागून घेतले आणि निघून गेला.

आता मी निवृत्त आहे. माझा पुतण्या एका कचेरीत हेच काम यंत्रावर करतो. परवा त्याने मला सारे दाखवले. यंत्र म्हणे प्रत्येक फाईलचा ठसा काढते. फाईल एक पानाची असो की हजार पानांची, ठसा ६४ चिन्हांचाच. आत एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही रीत आज जगभर चालते. ठसा ओळखीचा निघाला की यंत्र ते काम पुन्हा हाती घेत नाही, आधीच्या नोंदीकडे बोट दाखवते. माझी नोंदवहीच ती! मला भरून आले.

पण जुनी खोड जाते थोडीच? एक कागद मी त्याला दोनदा स्कॅन करायला लावला, दुसऱ्यांदा केसभर तिरपा. ठसे दोन निघाले. यंत्राच्या लेखी ते दोन कागद.

"म्हणून तर काका, नाव, बापाचे नाव आणि गाव हेही ताडून पाहतो आम्ही," पुतण्या म्हणाला. "जुळले की दुबार."

"आणि गट नंबर?"

"तो रकाना पुष्कळजण रिकामाच सोडतात."

"मग दुबार ठरलेले कुठे जातात?"

"वेगळ्या फोल्डरात."

"तो उघडतो कोण?"

पुतण्या पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने चष्मा पुसला आणि त्या फोल्डरावर बोट टेकवले.