एक बादली घेतली की एक ओतायची

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी न्हाणीचा एकच नियम होता. बंबातून एक बादली गरम पाणी घेतलं, की एक बादली गार पाणी वरून ओतायची. हा नियम मोडला की आजीचा आवाज थेट माजघरातून यायचा, "कोण गेलं रे न ओतता? मागच्यानं काय करावं?" नियमाला कारणही तसंच होतं. बंबाच्या मधल्या नळकांड्यात निखारे फुललेले असताना पाणी खाली गेलं, तर तांब्याचे डाग सुटायचे आणि बंब तांबटाकडे न्यावा लागायचा. आजीला मात्र तांबटाच्या मजुरीहून मागच्याची काळजी जास्त होती. घरात तेरा माणसं. तेराव्याच्या अंगावरही कढत पाणी पडलं पाहिजे, हा तिचा न्याय.

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना आठवतो तो इथला उन्हाळा. आमच्या पिढीला थंडीही तितकीच आठवते. २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा शहरातली तरुण मुलं चकित झाली. आम्ही म्हटलं, अरे, अशा सकाळी आम्ही शाळेत जायचो, तेही अंघोळ करून! ती अंघोळ व्हायची, कारण घरातलं कोणीतरी आमच्या आधी दोन तास उठलेलं असायचं. आधी आजी, पुढे आई. साडेचारला न्हाणीत कंदील लागायचा, कागद आणि तुराट्या पेटायच्या, फुंकणीचा आवाज यायचा. त्या आवाजावर आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो.

बंबात काय जळेल याचा नेम नसायचा. गावाहून बैलगाडीतून पऱ्हाट्या आणि तुराट्या यायच्या. लकडगंजच्या टालीवरून ढलप्या यायच्या. उमरेड-कामठीकडचा दगडी कोळसा शहरात सहज मिळे. त्याचा चुरा उरला की माती आणि शेण मिसळून आई त्याचे गोळे वळायची आणि गच्चीवर वाळत घालायची. नारळाची करवंटी, सोललेल्या भुईमुगाची टरफलं, मोडक्या खाटेचा माचवा, सगळ्याची अखेर बंबातच व्हायची.

पाहुणे आले की बंब पुरत नसे. मग भुशाची शेगडी लागायची. आरागिरणीतून पोतंभर भुसा आणायचा. पत्र्याच्या डब्याला खाली एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडा आत सारायचा आणि भोवताली भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली अलगद फिरवत वर काढायची. भुसा ढासळला तर पुन्हा सुरुवात. हे काम रात्रीच्या जेवणानंतर आम्हा पोरांकडे असे. सकाळी खालून पेटवली की ती शेगडी तासन्‌तास मंद जळत राही आणि तिच्यावरचा हंडा दुपारपर्यंत कोमट असे. आमच्या वयाच्या कुठल्याही नागपूरकराला विचारा, बाटली काढताना रोखून धरलेला श्वास त्याला आजही आठवेल.

दिवाळीच्या आदल्या दिवशी बंबाला चिंच लागायची. सोन्यासारखा लखलखीत झाला की गळ्यात झेंडूची माळ, कुंकवाची बोटं, आणि त्यात भरलेलं पाणी दुसऱ्या पहाटेच्या अभ्यंगासाठी. वर्षभर धुरात बसणाऱ्या त्या भांड्याचा तो एक दिवस मानाचा. त्याच्याजवळ बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तसा दिवस कॅलेंडरात नव्हता. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

ऐंशीच्या दशकात बाबांनी नागपूर सुधार प्रन्यासच्या एका लेआउटमध्ये घर बांधलं. टाइल्सचा बाथरूम आला आणि धुराला जागा उरली नाही. बंब माळ्यावर गेला. सुरुवातीला पाणी तापवायचा रॉड आला. आधी रॉड पाण्यात, मग बटण. काढताना आधी बटण बंद, मग रॉड. हे आई आम्हाला स्तोत्रासारखं म्हणायला लावायची. पुढे पंचवीस लिटरचा गीझर आला आणि वाटलं, सुटलो. राख नाही, धूर नाही, बटण दाबलं की पाणी तापतं.

पण बंब घरातून गेला तो कोराडीला गेला होता. शहराजवळच्या कोराडीचं वीज केंद्र १९७४ साली सुरू झालं. तिथे कोळसा जळतो, त्यावर पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरतं आणि वीज होते. जळलेल्या कोळशातली साधारण एक तृतीयांश उष्णता विजेत उतरते, बाकीची धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. ती वीज तारांमधून आमच्या घरी यायची आणि पुन्हा तिची उष्णता व्हायची. अंघोळीपुरतं ऊन पाणी हवं म्हणून केवढा हा वळसा! आमच्या न्हाणीतली राख थांबली होती, कोराडीच्या शिवारात तिचे तलाव साचत होते. आजीचा आवाज इथे ऐकू यायला हवा होता. पण भिंतीतल्या बटणातून तो ऐकू येत नाही.

ऐकू आला तो भारनियमनात. २००५ नंतरची ती वर्षं विदर्भातलं कोणी विसरणार नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे वीज तयार व्हायची, आणि तासन्‌तास अंधारात आम्हीच बसायचो. गीझर भिंतीवर लटकलेला आणि आई गॅसवर पातेलं ठेवून उभी. उतारवयात तिच्या सकाळी पुन्हा साडेचारलाच सुरू झाल्या. शेजारच्यांनी गॅस गीझर बसवला. आमच्या घरी तो नको म्हटलं, कारण बंद बाथरूममध्ये त्याच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

२००७च्या दिवाळीआधी आम्ही सौरबंब बसवला. हा शब्द आईचा. दुकानदार "सोलर" म्हणायचा, ती पहिल्या दिवसापासून "सौरबंब" म्हणाली. दोनशे लिटरची टाकी आणि काचेखाली काळ्या तांब्याचे पत्रे असलेले दोन पॅनल, शंभर लिटरला साधारण दोन चौरस मीटर या हिशेबाने. बसवणाऱ्याने पॅनलचं तोंड दक्षिणेला केलं, तेव्हा आई खालूनच म्हणाली, "दक्षिणेकडे तोंड करून चांगल्या गोष्टी ठेवतात का रे?"

मी तिला गच्चीवर नेऊन दाखवलं. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या थोडं वर. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. पण तेव्हा गरम पाणी हवंय कोणाला? हवं डिसेंबरात, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दुपारी बारालाही खांबाची सावली खांबाएवढीच पडते. म्हणून पॅनल दक्षिणेकडे तिरपा. ती म्हणाली, "म्हणजे थंडीत तो जिकडे असतो तिकडे तोंड. असं सांग ना मग." तिचं समाधान झालं.

आत काय चालतं हे तिला माझ्याआधी कळलं. पॅनलच्या नळ्यांमधलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीच्या तळाचं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही. दिवसभर हे फिरत राहतं. वरून नळाने पाणी घेतलं की तितकंच गार पाणी खालून आपोआप आत येतं. मी हे समजावत होतो आणि ती हसली, "म्हणजे हा घेतल्याबरोबर ओततो. आजींना आवडला असता."

तिला त्यात नवल वाटलं नाही, कारण तिच्या सासूने हेच केलं होतं. आम्हा प्रत्येक बाळाच्या अंघोळीचं पाणी आजी तांब्याच्या घंगाळात भरून अंगणातल्या उन्हात ठेवायची. उन्हाचं पाणी बाळाला मानवतं, म्हणायची. तिकडे १७६७ साली स्वित्झर्लंडच्या होरास द सोस्यूरने काच लावलेल्या पेटीत ऊन कोंडून उष्णता मोजली. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने सूर्यावर पाणी तापवणाऱ्या पेटीचं पेटंट घेतलं. इस्रायलने १९८० साली नव्या घरांना असे बंब सक्तीचे केले. त्या सगळ्यांच्या पेट्या आणि आजीच्या घंगाळातलं पाणी एकाच उन्हाने तापलं. तिच्याकडे फक्त काच नव्हती, आणि तापलेलं रात्रभर राखून ठेवणारी टाकी नव्हती.

हिशेबही मी मांडून पाहिला. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. आमच्या दोनशे लिटरच्या टाकीचे रोजचे नऊ युनिट झाले. भर थंडीत ते सगळे वापरले जायचे. वर्षभर नव्हे, हे खरं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या साध्या टाकीतलं पाणीच पोळतं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पॅनलवर जुनी ताडपत्री टाकतो. श्रावणात ढग बसले की दोन-तीन दिवस गीझरचं बटण दाबावं लागतं. विहिरीच्या जड पाण्याने चौथ्या वर्षी नळ्यांमध्ये क्षार साचले आणि पाणी कोमट येऊ लागलं. त्या नळ्या साफ करून घेतल्या आणि बंबाला नळाचं पाणी जोडलं. शेजारी कोणी बसवणार असेल तर मी पहिली गोष्ट हीच सांगतो.

पण हिशेबात न बसणारी गोष्ट पहिल्याच सकाळी घडली. आई सवयीने साडेचारला उठली. बाथरूमचा नळ सोडला. हाताला चटका बसला. ती तशीच बाहेर आली आणि मला हलवून विचारलं, "कोणी तापवलं रे?" कोणीही उठलेलं नव्हतं. आदल्या दिवशीचं ऊन रात्रभर टाकीत जागं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली, एकटीपुरता चहा ठेवला आणि मागच्या पायरीवर शाल घेऊन बसली. सहा वाजता मी उठलो तेव्हा तिथेच होती. म्हणाली, "पहाट अशी असते होय." लग्न होऊन पन्नास वर्षं झाली होती. त्यातली कितीतरी वर्षं ती रोज पहाटे उठली होती आणि पहाट तिने पाहिली नव्हती. गरम पाण्याची किंमत आम्ही कोळशात, लाकडात, युनिटात मोजत आलो. ती या पायरीवर मोजायला हवी होती.

त्यानंतर रथसप्तमीला ती गोवऱ्या आणि दुधाचं बोळकं घेऊन गच्चीवर जायची. पूर्वेकडे तोंड करून दूध उतू घालायची आणि जाताना पॅनलच्या काचेवरची धूळ पदराने पुसायची. पूर्वी या पूजेनंतरही तिला घरात येऊन बंबच पेटवावा लागे.

पुढे केंद्र सरकारच्या कार्यक्रमात नागपूर आदर्श सौर शहर म्हणून निवडलं गेलं. २०२४पासून सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि गच्च्या वीज करणाऱ्या निळ्या पॅनलनी भरताहेत. मुलगा म्हणतो, सौरबंब काढून तिथेही तेच लावू. मी त्याला थांबवलं आहे. निळं पॅनल उन्हातला साधारण पाचवा हिस्सा विजेत आणतं, काळा पत्रा त्याच उन्हातला अर्ध्याच्या आसपास थेट पाण्यात उतरवतो. दोन्हीला जागा असेल तर दोन्ही हवेत. आजूबाजूला सात मजले चढताहेत, आमच्या गच्चीवरचं ऊन किती वर्षांचं, हा प्रश्न खरा मोठा आहे.

दोन वर्षांपूर्वी, आई असताना, नातू रात्री दहाला शॉवरखाली अर्धा तास उभा राहिला. टाकीत ऊन पाणी वर असतं, गार तळाशी, त्यामुळे त्याला शेवटपर्यंत कढतच मिळालं. सकाळी आईच्या हातावर गार पाणी पडलं. बंब असता तर रिकामा दिसला असता. ही टाकी कायम भरलेलीच असते, आपण काय संपवलं ते घेणाऱ्याला दिसत नाही. ती रागावली नाही. त्याला जवळ बसवून बंबाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणाली ते शब्द आजीचे होते, "मागच्यानं काय करावं, बाळा?"

दुसऱ्या रात्रीपासून तो शॉवर सुरू करत नाही. बादली घेतो. एकच.