उगारलेला झाडू

भोपाळच्या अयोध्या नगरात सायकलवर झाडू विकणारा एकजण फिरतो. मागे शिंदीचे झाडू, पुढे फुलझाडू, मध्ये तो स्वतः जेमतेम दिसतो. परवा एका बाईने त्याच्याकडचा झाडू उचलला, तळहातावर आपटला आणि हवेत उगारून पाहिला. पारख करायची तिची रीत असावी. मला मात्र त्या हातात सगळं भोपाळ दिसलं.

आपल्याकडे केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करतात, लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात. इथल्या बायकांनी ती उगारली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि भोपाळच्या वायुकांडाची जबाबदारी मात्र नाकारली. तेव्हा रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या वायुपीडित बायकांनी हाक दिली, ‘झाडू मारो डाऊ को!’

या दोघींपाशी माझं मन फार रेंगाळतं. १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या इथल्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्या रात्रीपर्यंत त्यांची एकमेकींशी ओळखही नव्हती. रशीदा बी विड्या वळायच्या. घराबाहेरच्या जगाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. वायूने दोघींच्याही घरातली माणसं नेली, त्यांचीही शरीरं पोखरली. भेट झाली ती १९८६ मध्ये, स्टेशनरीच्या कारखान्यात कामाला लागल्यावर. तिथली पिळवणूक पाहून त्यांनी बायकांची स्वतंत्र संघटना उभारली. आणि १९८९ मध्ये शंभरेक बायका, बरोबर काहींची मुलं, भोपाळहून दिल्लीला चालत निघाल्या. साडेसातशे किलोमीटर! निरोगी माणसालाही दम लागावा अशी ही वाट, आणि या तर फुप्फुसं जळलेल्या. पंतप्रधानांसमोर गाऱ्हाणं मांडायचं, एवढं ठरलेलं होतं. कुठल्या गावात पाठ टेकली असेल, पोरांच्या पोटात काय घातलं असेल, कुणाची धाप वाढली की बाकीच्या कशा थांबल्या असतील, हे मी मनात पुन्हा पुन्हा पाहते.

‘बळ आपल्या आतच असतं, ते शोधा,’ असं सांगणारी पुस्तकं मला म्हणूनच पटत नाहीत. या बायकांच्या आत तेव्हा काय होतं? दुखणं होतं, शोक होता. बळ आलं ते शेजारी दुसरी चालत होती म्हणून. २००४ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पैशातून दोघींनी चिंगारी ट्रस्ट काढला. वायुपीडितांच्या घरात अपंगत्व घेऊन जन्मलेल्या मुलांवर तिथे उपचार होतात.

सोबतीतून येणारं हेच बळ वायुपीडितांसाठी लढणाऱ्या अब्दुल जब्बारभाईंनी शनिवारच्या सभांमधून उभं केलं. यादगार-ए-शाहजहानी बागेत ते वर्षानुवर्षं बायकांना जमवत राहिले, २०१९ मध्ये जाईपर्यंत. त्या बागेला नाव शाहजहान बेगमचं. १८१९ ते १९२६ या काळात भोपाळवर चार बेगमांनी राज्य केलं, याचं मला फार अप्रूप आहे.   

कार्बाइडच्या आवारातला तीनशेहून अधिक टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला नेला आणि पुढे जाळला. चाळीस वर्षांनी! जमिनीत आणि पाण्यात मुरलेल्या विषाचं काय, हे विचारायला वायुपीडित बायका अजूनही रस्त्यावर उतरतात. आता त्यांच्या नातीही सोबत असतात.