चिपीवरून परत फिरलेलं विमान

मालवणहून चिपीला जायचं म्हणजे कर्ली नदी ओलांडून परुळ्याच्या वाटेला लागायचं. गणपतीच्या दिवसांत हा रस्ता पाहावा! दोन्ही बाजूंना हिरवीगार भातं, गडग्यांवर तेरडा, आणि चढण संपली की मोकळा जांभ्याचा सडा. कातळाच्या खळग्यांत पाणी साठलेलं आणि त्याच्या कडेने इवली इवली रानफुलं. याच सड्यावर अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी या विमानतळाचं उद्‌घाटन झालं, तेव्हा आमच्याकडे साखर वाटली होती. मुंबईचा चाकरमानी तासाभरात घरी येणार, याचं कोण अप्रूप!

२०२३ च्या गणपतीची गोष्ट. मामंजींचे हात कापतात, म्हणून त्या वर्षी पूजेला प्रथमच आमचे हे बसणार होते. सुट्टी मिळेना, म्हणून आदल्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढलेलं. मी आणि माझ्या चुलत दिरांचा मुलगा, दोघं आणायला गेलो. हा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. नोकरी संगणकाची, पण हौस म्हणून चार माणसांचं छोटं विमान चालवायचा परवाना त्याने घेतलाय.

पाऊस थांबला होता, पण ढग सड्यावर बसल्यासारखा खाली आलेला. विमानाचा आवाज आला, अगदी डोक्यावर. मी पदर सावरून उभी राहिले. आवाज हळूहळू लांब गेला आणि मग ऐकूच येईना. थोड्या वेळाने कळलं, विमान मुंबईला परत गेलं.

मला रडूच कोसळलं. "अरे, डोक्यावर येऊन परत जायचं म्हणजे काय?" पुतण्या शांतपणे म्हणाला, "काकू, त्या वैमानिकाने अगदी योग्य केलं. घरी चला, सांगतो."

घरी चहा घेताना त्याने वाणसामानाच्या यादीची पाठकोरी बाजू पुढे ओढली. विमान चालवायचे दोन प्रकार, तो म्हणाला. एक डोळ्यांनी बाहेर बघून, दुसरा फक्त काट्यांवर विश्वासून. तेव्हा चिपीला धावपट्टी डोळ्यांनी दिसली तरच उतरायची परवानगी होती. ढगातून उतरायला जमिनीवरून वाट दाखवणारी यंत्रणा लागते. ती असली तरीही साधारण दोनशे फुटांपर्यंतच खाली यायचं. तिथे पट्टी दिसली नाही, तर विचार करत बसायचं नाही, वर निघायचं.

मग त्याने मुंबई ते चिपी मार्ग आखून दाखवला. सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. पण आकाशातही रस्ते असतात आणि त्यांवरच्या ठिकाणांना पाच अक्षरी नावं. डोंगराळ भागात सर्वांत उंच शिखराच्याही दोन हजार फूट वरून जायचं. पूर्वेकडे तोंड असेल तर उंचीचे हजार विषम, पश्चिमेकडे असेल तर सम, म्हणजे समोरासमोरची विमानं एका उंचीवर येत नाहीत. मुंबईहून येताना विषम, जाताना सम! वेळ लिहायची ती ग्रिनिचची, आपले सकाळचे साडेअकरा म्हणजे तिथले सहा. हे सगळं निघण्याच्या तासभर तरी आधी लिहून द्यायचं. आपल्याकडे त्यावर हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांकही लागतो. आणि मागितलेला मार्ग मिळेलच असं नाही. वेगळा सांगितला, तर लिहून घ्यायचा आणि जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. आमच्या शाळेतल्या पाढ्यांसारखंच की!

"आता खरी गंमत," म्हणत त्याने एका ओळीखाली रेघ मारली. "इथे उतरता आलं नाही तर कुठे, ते आधीच लिहायचं. गोव्याचं मोपा पन्नास किलोमीटरच्या आत आहे. पण चिपीवरचा ढग तिथे नसेलच कशावरून? म्हणून दोन्हीकडचं हवामान बघायचं. पेट्रोल चिपीपर्यंतचं, तिथून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं, आणि वर पाऊण तासाचं."

संध्याकाळी नारळ खवताना सूनबाईने मला वेगळंच सांगितलं. काट्यांवर उडायचं शिक्षण घेण्याआधी एकदा हा तिला घेऊन गेला होता. परतताना ढग खाली आले आणि विमान आत शिरलं. "आत्ता सरळच चाललोय असं मलाही वाटत होतं, काकू. पण काटा सांगत होता, आपण एका अंगाला कललोय. कानाचं ऐकावं की काट्याचं?" त्याने काट्याचं ऐकलं, सावकाश वळून मागे फिरला, म्हणून वाचलो, म्हणाली. अमेरिकेत १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने असं शिक्षण नसलेल्या वीस जणांवर प्रयोग केला होता. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत! तिथून आल्यावर त्याने ते शिक्षण पुरं केलं. त्यातले चाळीस तास तर नुसते काट्यांकडे बघून उडण्याचे, बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड लावून.

"भीती नाही वाटत आता?" मी विचारलं.

"वाटते. म्हणून निघण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. पेट्रोल किती? तिथे नाही उतरता आलं तर कुठे? आणि काय झालं तर परत फिरणार? उत्तर घरातच ठरलेलं हवं. वर गेल्यावर माणसाला पोचायची घाई असते."

मी खवणीवरून हात उचलला. सकाळी मी ज्याच्यावर चिडले, त्या वैमानिकाला खाली गणपती आहे, पूजेला यजमान नाही, हे ठाऊकही नसेल. आणि ठाऊक असतं तरी त्याने परतच फिरायला हवं होतं.

आमच्या शेजारचे म्हातारे तांडेल ओसरीवरून ऐकत होते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी वाट खडकांतून काढण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "किनाऱ्यावरची खूण दिसता तवसर होडी आपली. दिसनाशी झाली, की परत फिरूचा. त्येत लाज कसली?"

हे रात्रीच्या कोकणकन्येने जनरलच्या डब्यात उभ्याने आले. सकाळी कुडाळला उतरले तेव्हा पाय सुजलेले, शर्ट चुरगळलेला. आंघोळ करून सोवळं नेसले आणि पाटावर बसले. मामंजी एवढंच म्हणाले, "उशीर झाला, पण माणूस आला."

आता पावसाळ्यात रात्री आंबोली घाटातून गाडी काढायची म्हटली, की मीही ते तीन प्रश्न विचारते. सुरुवातीला हे हसायचे. परवा घाटात धुकं इतकं दाट, की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. मी काही बोलायच्या आतच यांनी गाडी वळवली. रात्री सावंतवाडीला मावशींच्या घरी पेज आणि लोणचं खाऊन झोपलो.