हातचा एक

श्रावणात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला आणि माझा उजवा खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी मिरजेला ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती, त्यामुळे पडद्यापलीकडचे हातोडीचे ठोके मला ऐकू येत होते. मी ते मोजत होते. चाळीसपर्यंत मोजल्याचं पक्कं आठवतं. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर माणूस दुसरं काय करणार?

त्यानंतरच्या रात्रींचं मात्र मला ऐकूनच माहीत. अतिदक्षता विभागात मी म्हणे सुपरव्हिजन करत होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींना ‘दुसरीकडे बघू नका’ म्हणून दटावलं, सिस्टरकडे पुरवण्या मागितल्या, आणि घंटा होऊनही पेपर गोळा करत नाहीत म्हणून चिडून हाताची सलाइन उपटली. सकाळी शहाण्यासारखा चहा मागितला. दिवेलागणीला परत परीक्षा सुरू.

सून रडकुंडीला आली. ह्यांना वाटलं, पडताना डोक्यालाही मार बसला. पण तिथले फिजिशियन शांत होते. म्हणाले, याला डिलिरियम म्हणतात, खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्क पेशंटमध्ये आम्ही हे नेहमी बघतो. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. पडल्यापासून धड झोप नव्हती. खोलीला खिडकी नाही, घड्याळ नाही, आणि माझा चष्मा सुनेच्या पर्समध्ये. सोडियमचा इलाज त्यांनी केला, बाकीचा घरच्यांना सांगितला: चष्मा डोळ्यांवर, घड्याळ समोर, ह्यांनी उशाशी बसून वार-तारीख सांगत राहायचं, आणि दुखलं तरी वॉकर धरून चार पावलं टाकायची. चार दिवसांनी माझी परीक्षा संपली.

खरं दुखणं घरी आल्यावर कळलं. आणि तेही मला एकटीलाच.

सर्जनांनी फिल्म उजेडापुढे धरून ‘झकास बसलाय गोळा’ म्हटलं होतं. पाय रोज सुधारत होता. नावं, चेहरे, पाढे, पावकी-दीडकीसुद्धा जागच्या जागी होती. पण फोडणीला मोहरी टाकून हिंगाचा डबा घ्यायला वळले की हात अधांतरी थांबायचा. कशाला वळले होते? बातमीचं दुसरं वाक्य वाचेपर्यंत पहिलं गेलेलं. मग एका दुपारी किराणाच्या हिशेबात ४८ आणि ३७ ची बेरीज आली. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. चार आणि तीन सात. लिहिले ७५. ‘हातचा एक’ मी तोंडाने म्हटलं होतं, आणि पुढच्या घराकडे नजर नेईपर्यंत तो हातून गेला होता.

मी वही मिटून ठेवली. कुणाला दाखवली नाही.

हे म्हणाले, ‘अगं, वय झालं आपलं.’ या वाक्याचा मला राग आहे. वय काय श्रावणात एका रात्रीत होतं? समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘भूल उतरली नाही अजून तुमची.’ आपल्याकडे भूलचूक ती भूल आणि इंजेक्शनची तीही भूलच, त्यामुळे आरोपी आधीच ठरलेला. दीड महिन्याने त्याच फिजिशियनांकडे एकटी रिक्षाने गेले. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, ते छान आलं. मग म्हणाले, शंभरातून सात सात वजा करत जा. ९३, ८६... आणि मी त्यांनाच विचारलं, ‘किती वजा करायचे होते?’

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, आठवणींचं कपाट शाबूत आहे, जिन्नस क्षणभर धरून ठेवणारा हात थकलाय. भूल कमरेतून दिली की पूर्ण दिली, याने लांबवर फारसा फरक पडताना दिसत नाही. ऑपरेशन म्हणजे शरीराला मोठी जखम, तिने पेटलेल्या दाहाची झळ मेंदूपर्यंत पोचते, असा कयास आहे. शिवाय वेदना, जागरणं, औषधं. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं होतं, ज्यांचे नातेवाईक म्हणत, ऑपरेशनपासून माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. पुढे १९९८ साली त्याच ‘लॅन्सेट’मध्ये साठीपुढच्या १,२१८ रुग्णांची मोजणी आली. मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने साधारण चौघांत एकाची बुद्धी मंदावलेली, तीन महिन्यांनी दहांत एकाची. मी मनात गुणाकार केला: साठ मुलांच्या वर्गात सहा जण. मग इतकी वर्षं हे कुणी बोललं कसं नाही? ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ह्यांची सही घेताना रक्तस्रावापासून जंतुसंसर्गापर्यंत सगळं वाचून दाखवलं होतं. याचा उल्लेख नव्हता.

औषध असं काही मिळालं नाही. उलट त्यांनी माझी रात्रीची झोपेची आणि खाजेची गोळी बंद केली. रोज चाला, रात्री झोपा, आणि एका वेळी एकच काम करा. शेवटचं सगळ्यात अवघड. भाजी निवडताना फोनवर बोलायचं नाही म्हणजे बाईमाणसाने जगायचं कसं?

चौथी ओलांडलेल्या पोराने हातचा डोक्यावर लिहिलेला मला खपत नसे. ‘मनात धर,’ म्हणून मी तो खोडायला लावायचे. दिवाळीनंतर वही परत उघडली आणि तोच बारीक एक दशकाच्या घरावर लिहायला लागले. पेन्सिलीने, कुणी आलं की हात आडवा ठेवून. माघात केव्हातरी लक्षात आलं, की लिहायच्या आधीच बेरीज झालेली असते. रोज नाही. दमलेल्या संध्याकाळी अजून लिहावा लागतो.

मग जुने हिशेब तपासायला बसले. हरिपूरहून येणाऱ्या दूधवाल्याला भाद्रपद ते कार्तिक, तीन महिने मी दर वेळी शंभर रुपये कमी दिले होते. दुसऱ्या दिवशी त्याला थांबवलं.

‘अरे, बोलला का नाहीस?’

‘म्हटलं, बाईंचा पाय बरा होऊ दे आधी.’

तीनशे मोजून त्याच्या हातावर ठेवले. त्याने सायकलला टेकून सावकाश मोजले आणि एक नोट परत केली. ‘बाई, चार आल्यात.’