ढग आणि झुडूप

जुन्या टीव्ही गेमची तुटलेली वायर काल डाग देऊन जोडली आणि कॅसेटमधला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पुन्हा सुरू झाला. १९८५चा खेळ, जेमतेम ४० किलोबाइटचा. जागा वाचवायला त्यातला ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढलेत. रंग तेवढा वेगळा. वर पांढरा, खाली हिरवा. धावायचं सोडून मी बराच वेळ तेच बघत राहिलो. त्या चणचणीतली माया आजच्या शंभर जीबीच्या खेळांत मला क्वचित सापडते. त्यातले काही तर सर्व्हर बंद झाला की संपतात, पैसे मोजलेले असले तरी. विकलेला खेळ असा काढून घेणं हा मला अन्यायच वाटतो. पण तिथेही कुणीतरी रात्री जागून आभाळ रंगवलं असेलच ना? आपलं ते काम त्यानं आता मुलांना कसं दाखवायचं?