स्वारगेटला मुळीक

५ जानेवारी २०२५, रविवार

आमच्या जलरंगाच्या ग्रुपचे या महिन्याचे चित्रकार मिलिंद मुळीक. पुण्यात राहून जलरंग करायचे आणि मुळीक टाळायचे, हे तसंही जमत नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, वडील प्रताप मुळीक ‘अमर चित्र कथा’चे चित्रकार. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली मिलिंद मुळीकांची पुस्तकं आमच्या ग्रुपमध्ये जवळपास प्रत्येकाकडे आहेत, पानोपानी रंगाचे डाग पडलेली. जागा स्वारगेट. काहींना सारसबाग हवी होती. पण तिथे तळं, झाडं, देऊळ सगळं आयतं सुंदर. आपण काय केलं ते कळतच नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी एसटी स्टँडच्या तोंडाशी बसलो. थंडीतलं तिरपं ऊन, लांब सावल्या. तासाभरात बहुतेकांच्या कागदावर तेच: जांभळट सावली आणि गाजरासारखी माणसं. वर डोक्याचा ठिपका, खाली निमुळता होत गेलेला फटकारा. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तर बसलेल्या पेरूवालीलाही तसंच निमुळतं केलं. याला शैली म्हणायचं नाही, ही लकब झाली. लकब कुणालाही दोन रविवारांत उचलता येते.

‘अभिनव’ कला महाविद्यालयात शिकणारी आमच्यातली धाकटी बराच वेळ नुसती डोळे बारीक करून बसली होती. मग अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून तिने एकच मोठा ओला करडा वॉश घातला. बसच्या पोटाखालून निघून रस्ता, हमालाचे पाय, रिक्षाचं चाक, सगळ्यांतून सलग गेलेला. टप कोरं ठेवलं, ऊन म्हणून. वॉश ओला असतानाच कडेला लाल सोडला. तो खाली थोडा पसरला, तिने पसरू दिला. खिडक्या नाहीत, पाटी नाही. मागे उभा असलेला पिशवीवाला वाकून म्हणाला, “ही साताऱ्याची ना? कधी लागली?”

मुळीकांकडून घ्यायचं ते हे. आधी उजेड-सावलीचे आकार ठरवायचे, वस्तू मागाहून.

१९ जानेवारी, रविवार

जेधे चौकात, पुलाच्या सावलीत. धूळ फार. हवा इतकी कोरडी की कागदाच्या एका टोकाला वॉश पोचेपर्यंत दुसरं टोक वाळतं. भुयारी मेट्रो गेल्या सप्टेंबरात इथपर्यंत आल्यापासून माणसं जिन्यातून एकदम जमिनीतून उगवतात. आज सगळ्यांनी तेच काढलं. काकांकडून बारीक ब्रश काढून घेतले आहेत. ते नाराज.

२६ जानेवारी, रविवार

चित्रं भिंतीला टेकवून पाहिली. काकांचा जिना सगळ्यांत सरस! मोठ्या ब्रशने गाजरं काढताच येईनात, त्यामुळे माणसं एकमेकांत मिसळून वर येणारी गर्दीच झाली आहे. ते अजून म्हणतात, “अहो, हे अर्धवट राहिलंय.”

पुढच्या महिन्यात सावळाराम हळदणकर. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ‘ग्लो ऑफ होप’: हातात दिवा, ज्योतीवर आडवा धरलेला तळवा, बोटांच्या कडांतून झिरपणारा उजेड. समोर उभी त्यांचीच मुलगी, गीता. अनेकजण ते रविवर्म्याचं समजतात. वास्तविक रविवर्मा १९०६ साली गेले, हे चित्र चाळीसच्या दशकातलं, आणि तेही जलरंगात. धाकटीला ते स्वारगेटलाच करायचंय. सकाळच्या उन्हात दिवा लावून दिसणार काय, यावर काका चहा गार होईपर्यंत भांडत होते. शेवटी संध्याकाळी साडेसहा, मेट्रोच्या जिन्यात, असं ठरलं. निरांजन काकांनीच आणायचं.